अर्ध्यावरचा बस्ता

"म्हणजे आता तुला कुणाला काही विचारायची गरज उरली नाही म्हण की."

दस्तगीरचाचा असं म्हणाले, तशी पद्मजा हसली. सकाळपासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. बिलाचा प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीनं परीक्षा घेऊन तिला मान्यताप्राप्त सल्लागार केलं होतं. अख्ख्या जयसिंगपुरात ती पहिलीच. उद्या, ऐन लग्नसराईत, मालगोंडा पाटलांच्या कापडदुकानात ती जुना प्रोग्राम काढून हा नवा बसवणार होती. पाटील तिच्या शब्दावर बिनघोर होते.

"कॉम्प्युटरला हात लावायला तुम्ही शिकवलंत, चाचा. म्हणून पेढे आधी तुम्हाला."

चाचांनी पेढा तोंडात टाकला.

"माझ्या डबड्यावर बसव की. बघू तरी."

तिनं बसवला. बोटं नुसती नाचत होती.

"आता बस्ता बांध. मी नवऱ्या मुलाचा मामा."

"बोला मामा."

"नवरीचा शालू. हा नको, तो दाखव. मानाच्या साड्या आमच्याकडं. आत्याबाईंचं लुगडं मुलीकडच्यांच्या नावावर. आत्या रुसली, ते काढ... नको, राहू दे."

बिल मारुतीच्या शेपटीगत वाढत गेलं. मामाचा शब्द खाली पडायच्या आत पद्मजा तो झेलत होती. दोन घरांचा हिशेब, एक बिल, चूक म्हणून नाही.

चाचा उठले. भिंतीपाशी गेले. बटण बंद केलं.

पडदा काळा.

"चाचा... अहो, बिल अर्धं होतं."

"लाईट गेली. बिल आहे का गेलं?"

"यूपीएस असतो ना दुकानात."

"असतो. ऐन गर्दीत तोच दगा देतो."

"परीक्षेत हे नव्हतं," ती हळूच म्हणाली. "तिथं एक गिऱ्हाईक, एक बिल. आणि लाईट कधी जातच नव्हती."

"मग पाटलांना काय सांगशील?"

"कंपनीला फोन लावते म्हणून."

"तोवर दोन्ही व्याही काउंटरवर चढलेले असतील."

पद्मजा उठली आणि तिनंच बटण चालू केलं. डबडं घुरघुरलं. तिचा जीव टांगणीला.

बिलात शालू होता. मानाच्या साड्या होत्या. आत्याबाईंचं लुगडं गायब.

"चाचा, ओळ पुरी झाली की प्रोग्राम ती ठेवतोय. अर्धी टाकून देतोय. थांबा, पुन्हा बघू."

पुन्हा बिल, पुन्हा बटण. ह्या खेपेला मानाच्या साड्या मुलीकडच्यांच्या नावावर जाऊन बसल्या. तिनं कपाळावर हात मारला, पण डोळे लखलखत होते. मग तिनं पाटलांना फोन लावला.

"काका, उद्या नको. मला अजून सगळं येत नाही... हो, मान्यता मिळालीय. तरी येत नाही."

फोन ठेवून ती चाचांकडं वळली. "काय जाईल आणि काय राहील, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

चाचांनी दुसरा पेढा उचलला.

"ठाऊक असतं तर बटण कशाला बंद केलं असतं?"