गाळ्यातली पातेली

आमच्या आळीतल्या त्या गाळ्याचं शटर वर सरकल्याचा खडखडाट मला अजून आठवतो. भाड्याच्या त्या गाळ्यात द्वारकाकाकूंनी लग्नकार्याची मोठी भांडी ठेवली होती. आळीत कुणालाही त्या ती फुकट देत.

नगरपालिकेचे करनिरीक्षक हुंबरे साहेब आत डोकावून म्हणाले, "भाड्याचा गाळा आणि आत माल, म्हणजे धंदाच. व्यापारी दराने कर लागेल."

तेवढा कर भरायचा तर काकूंना भांडीच मोडीत विकावी लागली असती.

"धंद्याला गिऱ्हाईक लागतं ना, साहेब?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"लागतंच. नावं सांगा, लिहून घेतो."

"मग पहिलं तुमचंच लिहा. लेकीच्या साखरपुड्याला नेलेलं पातेलं अजून तुमच्याकडेच आहे. भाडं किती दिलंत, तेही लिहा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, वही बगलेत मारली आणि ते चालू लागले.