प्रधानाच्या ओसरीवरचे फासे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि नगरीचं नाव विचारलं तर चौघे चार नावं सांगतात.

ही नगरी नदीच्या वळणावर वसली होती. नदीचा बांध खचला होता. पावसाळ्याआधी तो नव्यानं घातला नाही, तर खालची अर्धी वस्ती पाण्याखाली जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. खजिन्यात मात्र खडखडाट होता.

राज्याचा प्रधान सज्जन माणूस, पण हट्टी. काही झालं तरी बांध पुरा करायचाच, असा त्यानं निश्चय केला होता.

अशात परमुलखातला एक व्यापारी दरबारात आला. नगरीत फाशांचे पट मांडायला राजानं परवाना द्यावा, असं त्यानं सुचवलं. लोक चोरून खेळतातच, मग उघडपणे खेळू द्यावं, आणि प्रत्येक डावाचा दहावा हिस्सा बांधासाठी घ्यावा. प्रधानाला हे पटलं आणि त्यानं शिफारस केली. सराफ राजी झाले, मिठाईवाल्यांना तर आनंदाचं भरतं आलं. राजाही अनुकूल होता. परवाना मिळणार, यात शंकाच उरली नाही.

पण त्या नगरीची एक रीत होती. कुठलाही नवा धंदा आणायचा, तर ज्यानं शिफारस केली त्याच्या ओसरीवर तो आधी पंधरा दिवस चालवून बघायचा. रंगाऱ्यांची शिफारस करणाऱ्या पंचाचं धोतर पुढे वर्षभर निळं होतं म्हणतात.

"पंधराच दिवस ना?" प्रधान म्हणाला. "मांडा पट."

पहिल्या दिवशी चार टवाळ आले. पाचव्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बांधाची पेटी भरू लागली, तसा प्रधान खुलला. ही रिकामटेकडी माणसं दिसत नाहीत, यांच्या हाताला घट्टे आहेत, असं त्याच्या बायकोनं दोनदा सांगून पाहिलं. प्रधानानं तिकडे कानाडोळा केला. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त बांध होता.

तेराव्या दिवशी पेटी काठोकाठ भरली. ती उचलून प्रधान थेट पाथरवटांच्या आळीत गेला. एरवी त्या आळीत ठोकाठोकीनं कान किटायचे. आज तिथे सारं चिडीचूप होतं. मुख्य पाथरवट दारात गुडघे जवळ घेऊन बसला होता. जुना बांध त्याच्याच आज्यानं घातलेला.

पैसा आला आहे, उद्यापासून काम धरा, असं प्रधानानं सांगितलं. पाथरवट जागचा हलला नाही.

"कशानं धरू, प्रधानजी? छिन्न्या हरलो. आधी मी, मग माझे भाऊ, मग सगळी आळी."

"कुठे हरलात?"

"तुमच्याच ओसरीवर. दुसरीकडे कुठे असतं, तर बायकोनं उंबरा ओलांडू दिला नसता. प्रधानाचं घर म्हटल्यावर ती तरी काय बोलणार?"

धरणीनं पोटात घ्यावं, असं प्रधानाला झालं. हातातली पेटी कुणाच्या घरांतून भरली आहे, हे त्याला आत्ता कळलं.

तो तसाच घरी परतला आणि त्यानं स्वतःच्या हातांनी पट गुंडाळले. दोन दिवसच उरलेत, परवाना मिळाल्यातच जमा आहे, असं व्यापाऱ्यानं परोपरीनं विनवलं. प्रधानानं पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि साऱ्या छिन्न्या, घण, पहारी सोडवून घेतल्या. पैसे कमी पडले, तेव्हा त्यानं आपला घोडा दिला.

मग तो पायीच दरबारात गेला. "महाराज, शिफारस माझी होती. ती मी मागे घेतो. माझं चुकलं."

राजानं विचारलं, "आणि बांध?"

"बांध होईल. घरटी एक माणूस कामाला येईल. माझ्या घरचा मी."

दुसऱ्या दिवशी प्रधान डोक्यावर पाटी घेऊन नदीवर उभा राहिला. आधी लोक हसले. मग एकेक जण पदर खोचून, मुंडासं आवळून येऊ लागला. सराफही आले, हाताला फोड आले म्हणून कुरकुरले, पण आले. पाथरवट दगड घडवत होते आणि उरलेले सगळे ते वाहत होते.

शेवटचा वीस हात लांबीचा तुकडा बांधायचा राहिला आणि पाऊस कोसळला. बांधानं नदी अडवली, नगरी वाचली. पण त्या वीस हातांच्या खिंडारातून पाणी कुंभारवाड्यात शिरलं. माणसं सुखरूप राहिली, पण वर्षभराच्या कच्च्या मडक्यांचा चिखल झाला.

एक म्हातारी कुंभारीण त्या चिखलात उभी होती. प्रधान तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तेरा दिवस आधी पाटी उचलली असती, तर माझी मडकी राहिली असती."

प्रधान तिथून थेट बांधाच्या खिंडारापाशी गेला. त्यानं गुडघाभर पाण्यात दगड रचायला घेतले. खिंडार बुजेपर्यंत तो घरी गेला नाही, आणि पुढे तो प्रधान असेपर्यंत फाशांच्या परवान्याची गोष्ट दरबारात कुणी काढली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्या हातांनी गाव उभं राहतं, ते हात रिकामे करून भरलेली तिजोरी गावाला वाचवत नाही.