छोट्या घराची रीत

मोबाईलवरच्या कॅसिनोत पैसे लावायला भरत तान्ह्या लेकीचे चांदीचे वाळे विकायला खिशात घालून निघाला होता. त्याला नादी लावणारे रंगराव खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले. भरतची बायको सगुणा दारात आडवी उभी राहिली, तसे रंगराव हसले.

“वहिनी, नावाला घाबरू नका. कॅसिनो हा इटलीकडचा शब्द. अर्थ एवढाच, छोटंसं घर! घरी जायला कसली भीती?”

“असं होय? आमच्यात लेकरू पहिल्यांदा घरी आलं, की त्याच्या हातावर काहीतरी ठेवूनच पाठवतात. तान्हीच्या पायातलं काढून घेणारं हे कुठलं हो घर, भाऊजी?”

रंगरावांना एकदम महत्त्वाचं काम आठवलं. भरतनं वाळे लेकीच्या पायात घातले. घाईत एक उलटा गेला.