सलोमीचा दोर

फार पूर्वी, नदीकाठच्या एका ख्रिस्ती वस्तीत दोर वळणारी एक बाई राहत होती. सलोमी तिचं नाव. नवरा अंबाडीच्या काड्या सोलायचा आणि ती त्यातल्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळायची. हात असा की दहा गावांत तिच्या दोराला तोड नव्हती.

त्या मुलखात एक रीत होती. विहिरीसाठी नवा दोर आला की त्याचं एक टोक झाडाला बांधायचं, दुसरं बैलजोडीला, आणि बैल हाकायचे. दोर टिकला तरच माणूस त्याच्यावर विहिरीत उतरायचा. सलोमीचा दोर मात्र कुणी ओढून बघत नसे. "दोर कुणाचा?" "सलोमीचा." एवढ्यावर माणूस आत पाय सोडून बसायचा.

ह्याचा तिला फार गर्व. रविवारी ख्रिस्ताच्या देवळात पुढं बसायची, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची, पण गर्व काही हलत नव्हता. नदीपल्याडच्या गावात एक म्हातारा दोर वळायचा. एकदा भर बाजारात त्याचा दोर हातात धरून ती म्हणाली, "ह्यानं शेळीसुद्धा बांधू नका. शेळी तुम्हालाच हसेल." लोक हसले. म्हातारा आपला माल गुंडाळून घरी गेला.

एका वर्षी सलोमीनं अंबाडी डोहात भिजत घातली आणि नाताळाला नवऱ्याला घेऊन माहेरी गेली. दोन दिवसांसाठी गेलेली बाई पंधरा दिवस राहिली. अंबाडी पाण्यात किती दिवस ठेवायची ह्याला माप असतं. ते चुकलं की वाख कुजतो. परत येऊन बघते तर निम्म्याहून जास्त वाख काळपट पडलेला. ओढला की तुटत होता.

नवरा म्हणाला, "चुलीत घाल."

"असू दे. कशाला तरी होईल," ती म्हणाली आणि वाळवून माळ्यावर टाकला. वाईट वस्तू घरात ठेवली की ती लगेच काही मागत नाही. गुपचूप बसून राहते. आपली वेळ येईपर्यंत तिला घाई नसते.

उन्हाळा आला. वस्तीच्या एकुलत्या एका विहिरीचं पाणी तळाला गेलं, बादलीत चिखल यायला लागला. गाळ काढायचं ठरलं. चारपाच कर्ते लोक सलोमीच्या दारात आले.

"सलोमीबाई, चाळीस हात दोर लागेल. आठ दिवसांत द्या. गाळकाढ्याला सांगून ठेवलंय."

"मिळेल की," ती म्हणाली.

मग माळ्यावर चढून बघितलं. चांगला वाख होता वीस हातांपुरता.

सांगून टाकायचं होतं. सोपं होतं. पण मग लोक नदीपल्याड जाणार, म्हाताऱ्याचा दोर आणणार, आणि म्हातारा विचारणार, काय रे, तुमच्या सलोमीबाईंचं काय झालं? तेवढं तिच्यानं गिळवेना. सैतान शिंगं लावून येतो म्हणतात. कुठली शिंगं. तो आपल्या ओळखीच्या आवाजात येतो आणि म्हणतो, लोक काय म्हणतील.

तिनं आत कुजका वाख घातला, वरून चांगल्या वाखाचा वेढा दिला आणि पीळ भरला. खोटं कशाला बोला, इतका देखणा दोर तिनं जन्मात वळला नव्हता.

ज्या दिवशी दोर न्यायला माणसं येणार, त्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून वचनाची पेटी घेऊन बसली. त्या वस्तीत घरोघर अशी पेटी असायची. शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या गुंडाळून ठेवलेल्या, रोज सकाळी प्रार्थना करून एक काढायची.

नवऱ्यानं विचारलं, "आज एवढा वेळ डोळे मिटून काय मागतेस?"

"दोर द्यावा का नाही, ते देवाला विचारते."

"त्यात देवाला काय विचारायचं? वाख कुजलाय. तुझ्या बोटांना कळलंय, माझ्या बोटांना कळलंय."

"तुम्ही गप्प बसा. देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे देवळातले पाळकबुवाच सांगतात."

"रस्ता माहीत नसलेल्यानं विचारावं. तू तर दारात उभी राहून दार कुठंय विचारतेस."

ती काही उठली नाही. तिनं चिठ्ठी काढली. खोट्या मापाचा देवाला वीट आहे, असं काहीसं निघालं. हे वाण्यांसाठी, ती मनाशी म्हणाली आणि चिठ्ठी परत गुंडाळली. दुसरी काढली. शेजाऱ्याच्या जिवाला जपण्याबद्दल होती. मी कुठं कुणाच्या जिवावर उठलेय, म्हणून तीही परत आत. तिसरी निघाली, आपला अपराध झाकणाऱ्याचं भलं होत नाही अशी. ही तिनं दोनदा वाचली. पण तिनं पेटी चांगली हलवली आणि चौथ्यांदा हात घातला.

चौथीत निघालं, भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "देवानं सांगितलं."

नवऱ्यानं मान फिरवली. त्यानंही पुढं काही केलं नाही. बायकोपुढं एकदा बोललो म्हणजे झालं, असं वाटणारे पुष्कळ असतात.

विहिरीवर सगळी वस्ती जमली होती. पाळकबुवांनी काठावर उभं राहून प्रार्थना केली, आत उतरणाऱ्याचं रक्षण मागितलं. सगळे आमेन म्हणाले. सलोमीही म्हणाली.

गाळकाढ्या तरणा होता, हसरा. बायको कडेवर सहा महिन्यांची पोरगी घेऊन उभी होती. झाडाखाली बैलजोडी तयार होती. कुणीतरी म्हणालं, "रीत आहे बाबा. एकदा ओढून बघू."

गाळकाढ्या हसला. "सलोमीमावशीचा दोर ओढून बघायचा? उद्या पाळकबुवांना म्हणाल, जरा वाचून दाखवा, अक्षर येतं का बघू."

सगळे हसले. पाळकबुवाही हसले.

त्या क्षणाला तिनं नुसतं म्हणायचं होतं, ओढून बघा. कबुली नको, रडणं नको. दोन शब्द. देवानं तीन चिठ्ठ्यांनंतर ही आणखी एक वाट तिच्यापुढं उघडून धरली होती. पण ओढला तर तुटणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुटणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं पदर नीट केला आणि तीही हसली.

"बैलांना आज सुट्टी," म्हणत गाळकाढ्या दोराच्या फासात बसला आणि खाली गेला.

सकाळभर गाळाच्या पाट्या वर येत राहिल्या. दुपारी तो भाकर खायला वर आला, पोरीच्या गालाला चिखलाचं बोट लावलं, बायकोच्या शिव्या खाल्ल्या आणि परत उतरला. दोर टिकून होता. सलोमी सावलीत बसून मनातल्या मनात देवाचे उपकार मानत होती. सांभाळलं बाबा. आता अजून दोन घटका सांभाळ. पुढच्या वर्षी असं करायची नाही.

ऊन उतरताना त्याला शेवटचं वर ओढलं. तो भिजलेला, दोर भिजलेला. काठाला दोन हात उरले होते. काठाचा दगड धरायला त्यानं हातही वर केला होता. दोर तुटताना फार आवाज झाला नाही. आवाज झाला तो नंतर, खालून.

त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

आणि लोक काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, दगडाला घासला असेल. ओढणाऱ्यांनी झटका दिला असेल. ओढणारे म्हणाले, हो, झटका बसला असेल, आमचंच चुकलं. ते चौघं जण डोकं धरून बसले. सलोमीचा दोर वाईट असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. दोन दिवस ती हे ऐकत राहिली, आणि दोन दिवस तिनं ते चालू दिलं.

तिसऱ्या दिवशी ती गाळकाढ्याच्या घरी भेटायला गेली. पाळकबुवा होते, दोर ओढणारे ते चौघंही खाली मान घालून बसले होते. सलोमीला रडताना बघून गाळकाढ्याची तरणी विधवा उठली आणि तिनं सलोमीलाच जवळ घेतलं.

"मावशी, नका रडू. देवाची इच्छा होती."

तेव्हा सलोमी तिला धरूनच म्हणाली, "देवाची इच्छा नव्हती गं. त्यानं तीनदा नाही म्हटलं. मी चौथ्यांदा विचारलं." आणि मग वाखापासून चिठ्ठ्यांपर्यंत सगळं सांगितलं. कुजका आत घातला, चांगला वर, तेही सांगितलं.

चौघांपैकी एक जण उठून बाहेर गेला आणि परत आत आला नाही.

पाळकबुवा म्हणाले, "पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो."

"त्यानं करावी," विधवा म्हणाली. "माझ्याकडं आज नाही. कधी आली तर देईन." तिनं सलोमीचे हात आपल्या अंगावरून काढून ठेवले. "पण ह्यापुढं ह्या वस्तीत ज्याचा दोर, तो आधी उतरेल. बैल नंतर, माणूस नंतर. वळणाऱ्यानं आधी बसायचं."

कुणी नको म्हणालं नाही.

दोन वर्षं सलोमीचा दोर कुणी घेतला नाही. मग कुठं एखादा मागू लागला. दर वेळी ती आपल्या दोराच्या फासात बसायची आणि अंधाऱ्या विहिरीत खाली जायची, केस पिकले तरी, गुडघे गेले तरी. आणि दर वेळी ती विधवा काम टाकून यायची. काठावर उभी राहायची. सलोमीचे पाय परत जमिनीला लागेपर्यंत बघत राहायची, मग घरी जायची. कडेवरची पोर मोठी झाली, आईच्या शेजारी उभी राहू लागली.

सलोमी मरेपर्यंत त्या दोघींपैकी कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही.

तात्पर्य: देवाचं म्हणणं एकदा कळलं की उठून तसं करावं. कळल्यावरही जो पुन्हा पुन्हा विचारत बसतो, तो स्वतःच्याच मनाचं देवाच्या तोंडून वदवून घ्यायला बसलेला असतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घराला मोजावी लागते.