तामितची नाव

फार फार वर्षांमागे मिसर देशात, नाईल नदीच्या काठी एक गाव होतं. नदी दक्षिणेकडून यायची, वारा उत्तरेकडून. म्हणून नावा शीड उभारून वर जायच्या आणि प्रवाहाबरोबर खाली यायच्या. दरवर्षी पूर यायचा, शेतांवर काळा गाळ पसरायचा आणि त्यात गहू पिकायचा. पूर आला तर भाकरी, नाही तर उपास.

गावच्या नावाड्याचं नाव खेती, त्याच्या बायकोचं तामित. लग्नाची नवलाई सरली नव्हती, तोच राजाच्या माणसांनी खेतीला दगड आणायला दक्षिणेला नेलं. दगडांच्या जड नावा पुराच्या पाण्यावरच खाली येतात. जाताना तो म्हणाला, "पुराबरोबर येतो गं."

पूर आला, खेती आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. नाव आता तामितच वल्हवायची. नव्या पाण्याची पहिली ओंजळ ती डोळ्यांना लावायची, कारण ते त्याच्याकडून आलेलं. तिकडचं सगळं तिच्याकडे वाहत यायचं, एक तो सोडून. फार जीव तुटायचा तिचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग एका वर्षी पूरच आला नाही, असं म्हणतात. नदीचा ओहोळ झाला, कणग्या रिकाम्या झाल्या. गाव देवाला साकडं घालत बसलं. तामितला वेगळाच घोर: पाणीच नाही तर तो येणार कसा? तिनं नावेला दोर बांधला, खांद्यावर घेतला आणि चिखलातून नाव ओढत दक्षिणेची वाट धरली.

"अगं, रुसलेल्या नदीला कुणी हात धरून आणलंय का?" शेजारची म्हातारी सेनेब ओरडली.

"नदीचं तुम्ही बघा, आत्याबाई. मी माझ्या माणसाला आणायला चाललेय."

तिचं पाऊल पडेल तिथं पाणी पाझरायचं, असं म्हणतात. खरंखोटं ती नदीच जाणे.

गावानं आशा सोडली आणि एका सकाळी पुराचं लाल, गढूळ पाणी आलं, दुथडी भरून. त्यावर तामितची नाव आली. वल्ह्याला कुणाचा हात नव्हता, तरी ती नीट घाटाला लागली. आत कुणीच नव्हतं. पण रिकामी नाव हलकी तरंगते, हे घाटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक. ही मात्र दोन माणसं बसल्यासारखी दबलेली होती. बघता बघता ती जराशी वर आली. मग आणखी जराशी. कुणीतरी उतरलं होतं, एकामागून एक. सेनेब हमसून हमसून रडली.

त्या वर्षी गहू उदंड पिकला, असं म्हणतात.

अजूनही पुराच्या पहिल्या दिवशी त्या घाटावरचा नावाडी दोन जागा मोकळ्या ठेवतो. मुखिया आला तरी त्या देत नाही. लोक मांडीला मांडी लावून बसतात. जिचं माणूस दूरदेशी असतं, ती त्या जागांशेजारी बसते. पैलतीरी सगळे उतरतात. ती शेवटी उतरते आणि काठावर उभी राहून बघते, नाव आणखी थोडी वर येते का.