अंधारातलं हसू

आप्पासाहेब घोरपड्यांनी बेसबॉलवर विनोदी प्रेमकथेचा सिनेमा काढला. ‘सिनेमात हसू येत नाही,’ असं कुमुद शेटे यांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात लिहिलं. आप्पासाहेब थेट संपादकांच्या खोलीत शिरले. कुमुदताई तिथंच बसल्या होत्या.

“बाई, मी स्वतः तिथं होतो. सगळं थिएटर हसत होतं! उद्या माफी छापा, नाहीतर हे सदर बंद करायला लावतो.”

“हसलं ना साहेब, पण वीज गेली तेव्हा. अंधारात एक आजोबा बायकोला म्हणाले, ‘हात घट्ट धर गं, नाहीतर दुसऱ्याच्याच घरी पोचशील.’ त्यावर हसले सगळे.”

संपादकांनाही हसू आवरेना. आप्पासाहेब मात्र खुर्चीत बसले. माफीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

“प्रेमकथा हीच होती हो,” ते हळूच म्हणाले, “आणि मी बेसबॉल दाखवत बसलो.”

जिंकलेल्या कुमुदताईंना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.