विजयातले वाटेकरी

डिस्क गोल्फमध्ये तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडायची असते. कमीत कमी फेकींत पाडेल तो जिंकतो. कोंढवळीच्या पठारावर देशभरातले व्यावसायिक खेळाडू स्पर्धेला जमले होते. गावकऱ्यांनी राबून सगळं गवत कापलं होतं.

पण गतविजेता रणधीर मोहोळकर दिवसभर धुसफुसत होता. नेम चुकला की कधी वाऱ्याला शिव्या घाली, कधी साखळ्यांना, तर कधी आवाज केला म्हणून गावकऱ्यांवर डाफरे. शेवटी एका फेकीच्या फरकाने तोच जिंकला. निनाद तांडेल दुसरा आला.

बक्षीस घेताना रणधीर म्हणाला, “आभार कुणाचे मानू? जिंकलो ते माझ्या हाताच्या जोरावर!”

गावकऱ्यांचे चेहरे पडले. सरपंच गोदाक्का निघायला उठल्या. निनादला हरल्याची रुखरुख होतीच, पण या माणसांनी त्याच्या फेकींनाही मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याने माइक घेतला.

“रणधीरदादा, चुकलेल्या फेकी वाऱ्यामुळे, साखळ्यांमुळे आणि या मंडळींमुळे चुकल्या, असं तुम्हीच म्हणत होतात. मग लागलेल्या फेकींतही त्यांचा वाटा असणारच. तुम्ही दमला असाल, म्हणून तुमच्या वतीने मीच सगळ्यांचे आभार मानतो.”

पठारावर हशा पिकला. रणधीर आधी लाल झाला, मग त्यालाही हसू आवरेना. गोदाक्कांपुढे जाऊन त्याने हात जोडले.

“जिंकण्यात तुमचा वाटा आहे, आक्का, मान्य. हे तोंड मात्र सर्वस्वी माझं. त्याबद्दल माफ करा.”